निवृत्तीच्या उंबरठ्यावर : वेळेचा हिशेब

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला विषय दिला, 'निवृत्तीनंतरचे जीवन'. आम्ही म्हणालो, अहो, आम्ही अजून निवृत्त झालोच कुठे? तर सचिव म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. झालेले लोक फक्त आठवणी सांगतात." तेव्हा आम्ही उंबरठ्यावरचे बोलणार आहोत. एक पाय कामात, एक पाय घरात, अशा अवस्थेत माणसाची जी ओढाताण होते, तिच्याविषयी दोन शब्द. बोलणारे तोंड एकाचे असले तरी टिपण आम्ही नवरा-बायकोने मिळून काढले आहे, म्हणून हे 'आम्ही' दोघांचे समजावे. आमच्यातले एक थर्मलला आहेत, त्यांना वस्तीत 'थर्मलवाले' म्हणतात. दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यांना लहानथोर सगळेच 'बाई' म्हणतात. आम्हीही इथे तसेच म्हणू.

थर्मलवाले आय.टी.आय. करून १९८८ साली कामाला लागले. परळीचे औष्णिक केंद्र १९७१ साली ३० मेगावॅटच्या छोट्या संचाने सुरू झाले. पुढे १९८०, १९८५ आणि १९८७ साली २१० मेगावॅटचे तीन मोठे संच आले. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांवर त्याच काळात पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, पोरं कॉलेजला गेली. नंतर २००७, २०१० आणि २०१६ साली २५० मेगावॅटचे नवे संच आले आणि जुने बंद झाले. म्हणजे गंमत बघा, ज्या संचांवर आमचे थर्मलवाले काम शिकले ते संच त्यांच्या आधीच निवृत्त झाले! पुढच्या वर्षी थर्मलवाल्यांना अठ्ठावन्न पूर्ण होतील. बाईंची अजून चार वर्षे आहेत.

आता कुणी म्हणेल, यात काय मोठं? अठ्ठावन्न झाले की हार, नारळ, शाल घ्यायची आणि घरी बसायचं. पण मंडळी, 'घरी बसणे' ही गोष्ट आपल्या समाजात फार जुनी नाही. आमच्या आजोबांना निवृत्ती हा शब्दच माहीत नव्हता. निजामाचे राज्य १९४८ ला गेले तोपर्यंत आणि नंतरही बरीच वर्षे गावकीचे काम म्हणजे रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे. पाळी नाही, सुट्टी नाही, पगार नाही. हातपाय चालेनासे झाले की काम थांबायचे, तीच निवृत्ती. आजही आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीला जे ऊसतोड जोडपे निघते, ज्याला आपण एक 'कोयता' म्हणतो, त्याला कुठे निवृत्ती आहे? मुकादमाची उचल फिटेपर्यंत जायचे, कंबर धरली की गावी राहायचे आणि पोराच्या पोरांना सांभाळायचे. त्यांची अर्धी निवृत्ती म्हणजे नातवंडांची भाकरी थापणे. तेव्हा निवृत्तीला ठरलेली तारीख असणे हे सुद्धा भाग्यच आहे, आणि ते आपल्याला कुणाच्या कष्टाने मिळाले हे विसरता कामा नये.

याच ठिकाणी कामाच्या तासांविषयी सांगायला पाहिजे. आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो की बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. नेमके सांगायचे तर असे आहे. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याचे ५४ तास आणि हंगामी कारखान्यांना ६० तास ठरलेले होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने हे तास अनुक्रमे ४८ आणि ५० वर आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९४५ साली, पगारी रजेचाही कायदा झाला. म्हणजे नुसता पगार नव्हे, कामगाराचा वेळ हीसुद्धा त्याची मालमत्ता आहे हे कायद्याने मान्य झाले. हा ४८ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता आमचीच चूक सांगतो. कायद्याने ४८ तास दिले, आम्ही ते हौसेने वाढवले. ओव्हरटाईम मिळाला की थर्मलवाल्यांना आनंद. घराचे कर्ज होते, दोन पोरांचे शिक्षण होते, गरज खरीच होती. पण कर्ज फिटल्यावरही सवय सुटली नाही. दुसऱ्याची तिसरी पाळी मागून घ्यायची. रजा घ्यायची नाही, साठवायची, शेवटी पैसे मिळतात म्हणून. पोरगी दहावीला जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिली आली, सत्कार झाला, फोटोत सगळे आहेत, हे नाहीत. कुणी अडवले नव्हते. स्वतःच पाळी बदलून घेतली होती.

मग २०१३ चा दुष्काळ आला. फेब्रुवारीत पाण्याअभावी आख्खे केंद्र बंद पडले. राखेचा, कोळशाचा, मशीनचा आवाज सगळाच थांबला. त्या दिवसांत थर्मलवाल्यांना घरी वेळ मिळू लागला, आणि तेव्हा कळले की घरात त्यांना जागाच नाही! म्हणजे घर मोठे आहे, पण मीठ कोणत्या डब्यात, गॅस कधी लावायचा, मायच्या गोळ्या कोणत्या वेळच्या, काहीच माहीत नाही. स्वयंपाकघरात गेले की बाई म्हणायच्या, "तुम्ही बाहेर बसा, मला उशीर होतोय." बाहेर बसले की काय करावे सुचत नाही. पाहुण्यासारखी अवस्था. जुलै २०१५ मध्ये पुन्हा पाण्यावाचून केंद्र बंद झाले तेव्हाही तेच. आज वाटते, ती निवृत्तीची रंगीत तालीमच होती, आणि त्या तालमीत आम्ही नापास झालो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. अजून पहाटे उठतात आणि सुनेला म्हणतात, "डबा झाला का?" सुरुवातीला घरात हसत होते. आता कुणी हसत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तीन गोष्टी एकदम आल्या. माय, म्हणजे थर्मलवाल्यांची आई, गावी अंगणात पाय घसरून पडली. वय ऐंशीच्या घरात. आम्ही तिला परळीला आणले. महिन्यातून एकदा अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावे लागते. दिवसा जवळ कुणीतरी लागते. ही पहिली गोष्ट. दुसरी, एका कंत्राटदाराने थर्मलवाल्यांना निरोप धाडला की निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे सुपरवायझर म्हणून या, पगार बरा देतो. आणि तिसरी, नातेवाइकांनी बैठकीत ठरवून टाकले की बाईंनी आता नोकरी सोडावी. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मिळते, पेन्शनही बसते, मग अडचण काय?

बाई त्या बैठकीत काही बोलल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "माय तुमची आई. नोकरी संपतेय तुमची. मग घरी बसायची पाळी माझ्यावर कशी आली?"

याला थर्मलवाल्यांकडे उत्तर नव्हते. उत्तर दिले ते मायने. बाजेवर पडल्या पडल्या ती ऐकत होती. म्हणाली, "लेकरा, तिची नौकरी नको सोडवू. म्या जलमभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. माझी सून शाळंत खुर्चीवर बसती, ते मला डोळ्यानं बघू दे. तूच थांब की घरी. तू तर आजपतूर पाव्हण्यावानीच आलास."

त्या रात्री आम्ही एक वही घेतली. बाई म्हणाल्या, पैशाचा हिशेब आपण नेहमी लिहितो, आज वेळेचा लिहू. आठवड्याचे तास १६८. श्रीमंताला तेवढेच, गरिबाला तेवढेच. आधी थर्मलवाल्यांचे मांडले. ड्युटी ४८, जाणे-येणे ६, ओव्हरटाईम सरासरी ८, झोप ४९. झाले १११. उरले ५७ तास! त्यात घरकाम किती? बरेच आठवून आठवून तीन तास निघाले, तेही भाजी आणण्याचे. मग बाईंचे मांडले. शाळा आणि एस.टी.चा प्रवास ४४, चूल-धुणे-भांडी-पाणी भरणे-निवडणे-टिपणे ३८, घरी आणलेले शाळेचे कागद आणि मोबाइलवर भरायची माहिती ७, मायचे करणे १०, झोप ४२. झाले १४१. उरले २७, आणि त्या सत्तावीस तासांत आंघोळ, जेवण, आलागेला पाहुणा, स्वतःचे दुखणे-खुपणे, सगळेच.

आम्ही वही बराच वेळ बघत बसलो. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात हे आकडे कधी कागदावर आले नव्हते. मग कंत्राटदाराच्या कामाचे तास मांडले. रोजचे १२, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२. नोकरीत असताना ४८ आणि निवृत्त झाल्यावर ७२! बाबासाहेबांनी साठाचे, चोपन्नाचे तास खाली आणले आणि आम्ही म्हातारपणी ते आपल्या हाताने बहात्तरवर न्यायला निघालो होतो.

पण मंडळी, नुसते भावनेवर घर चालत नाही. काम सोडायचे म्हणजे पैशाचा विचार आधी. आपल्यात अनेकांचा समज आहे की निवृत्तीनंतर सगळ्यांनाच अर्ध्या पगाराची पेन्शन मिळते. तसे नाही. शाळेतल्या बाई २००५ च्या नोव्हेंबरच्या आधी लागल्या, त्यांना सरकारी नियमाची जुनी पेन्शन आहे. वीज कंपनी, एस.टी., साखर कारखाना येथील लोकांना १९९५ च्या १६ नोव्हेंबरला सुरू झालेली कर्मचारी पेन्शन योजना. तिचे सूत्र असे, की पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार, त्याआधी साडेसहा हजार होती. मर्यादेवर वर्गणी गेलेली असेल तर तीस वर्षांच्या सेवेलाही महिना सात हजारांच्या आतच पेन्शन बसते. ज्यांनी वाढीव पगारावरचा पर्याय दिला त्यांचे वेगळे. पन्नाशीनंतर ही पेन्शन लवकर घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी तितकी वर्षाला चार टक्के कपात होते. हे प्रत्येकाने निवृत्तीच्या आधी दोन वर्षे तरी आपल्या कार्यालयात बसून समजून घ्यावे. नाव, जन्मतारीख, वारसाचे नाव कागदावर बरोबर आहे का ते बघावे. शेवटच्या महिन्यात धावाधाव होते, तीही आपल्याच वेळेची नासाडी.

आणि एक कळकळीची सूचना. ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम हाती आली की चार दिवसांत सल्लागार गोळा होतात. आमच्या परिचयातल्या एकाने जास्त व्याजाच्या आशेने सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली. आज पावत्या आहेत, पैसे नाहीत. साठीच्या वयात तो माणूस पुन्हा रात्रपाळीला जातो, वॉचमन म्हणून. त्याची अर्धी निवृत्तीसुद्धा गेली. पोस्टात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख झाली आहे. पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यालाही निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यात खाते काढता येते. व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते. कमी मिळाले तरी चालेल, झोप लागली पाहिजे.

आमचा हिशेब असा बसला. घराचे कर्ज फिटले आहे. थोरला कामाला लागला आहे. पोरीचे शिक्षण दोन वर्षांचे राहिले आहे. बाईंचा पगार चार वर्षे चालू आहे, त्यांनी आज नोकरी सोडली तर तो जाईल, आणि पुढची पेन्शनही चार वर्षांच्या वेतनवाढी सोडून बसेल. म्हणजे भावनेने बघा किंवा आकड्याने बघा, बाईंनी नोकरी सोडणे हे उत्तर चूकच होते. आणि थर्मलवाल्यांनी सगळेच काम सोडले तर पोरीच्या शिक्षणाला दोन वर्षे ओढ बसणार. म्हणून त्यांनी कंत्राटदाराला उलट निरोप पाठवला. आठवड्यातून तीन दिवस, रोजचे आठ तास, रात्रपाळी नाही, नव्या पोरांना काम शिकवीन, आणि हे सगळे कागदावर. तीन आठे चोवीस. अठ्ठेचाळीसचे बरोबर निम्मे.

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. येईल की नाही माहीत नाही. नाही आले तर दुसरीकडे बघू, आय.टी.आय. झालेल्या पोरांना शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. पण बहात्तर तासांना हो म्हणायचे नाही, हे ठरले.

सोण भिक्खूची गोष्ट आपण वर्षावासात ऐकलेली आहे. श्रीमंत घरचा मुलगा, संघात आला आणि इतके चंक्रमण केले की तळपायातून रक्त आले, आणि तरी काही साधेना. भगवंतांनी त्याला विचारले की तू घरी वीणा वाजवायचास, तार फार ताणली तर काय व्हायचे? आणि ढिली सोडली तर? दोन्ही वेळा सूर लागत नाही, हे त्यानेच सांगितले. आमच्या थर्मलवाल्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षे तार ताणली. निवृत्तीच्या दिवशी ती एकदम ढिली सोडली तर तुटली नाही तरी बेसूर होणारच. म्हणून ती आजपासूनच थोडी थोडी उतरवायची. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात शक्ती बघून काम देणे आहे आणि वेळच्या वेळी सुट्टी देणे हेही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी मालकाला जे सांगितले ते आपण निदान स्वतःला तरी लागू करावे. आपल्या शरीराचे मालक आपणच ना?

म्हणून गेल्या सहा महिन्यांपासून काही गोष्टी सुरू केल्या आहेत. ओव्हरटाईम बंद. साठवलेली रजा महिन्यातून दोन दिवस घ्यायची, मायला दवाखान्यात न्यायला. रजा विकली की पैसे मिळतात हे खरे, पण विकलेला दिवस परत विकत घेता येत नाही. सकाळची भाजी-भाकरी आठवड्यातून तीन दिवस थर्मलवाल्यांची. पहिली भाकरी परळीच्या नकाशासारखी झाली होती. मायने ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाली, "जाऊ दे, पोटात गेली की गोलच व्हती." बाईंच्या वहीत आता ३८ चे २९ तास झाले आहेत. वाचलेल्या नऊ तासांत त्या काय करतात? तर पहिला महिना नुसत्या झोपल्या! आता संध्याकाळी विहारात येऊन बसतात, वर्तमानपत्र वाचतात.

मोकळ्या वेळेचे करायचे काय, याचीही उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. पेन्शनीत बसून खाता आले असते. पण १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली, वर्तमानपत्रांतून लिहिले, लष्करात आपली भरती बंद झाली तेव्हा अर्ज केले, १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर सभासद झाले. सुभेदार रामजी सकपाळ हेही लष्करातले पेन्शनर. पुढे साताऱ्याला त्यांनी पुन्हा नोकरी धरली, म्हणजे आजच्या भाषेत अर्धी निवृत्तीच. पण वेळ कुठे घातला? मुलाच्या अभ्यासात. पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवायचे. त्या अभ्यासाचे फळ आपण सगळे खातो आहोत.

मात्र इथे एक सावधगिरी. निवृत्त माणूस दिसला की आपण त्याला पाच समित्यांत घेतो. जयंती समिती, विहार समिती, वधू-वर मेळावा, पतपेढी. मग तो पुन्हा घराबाहेर, आणि घरातली बाई पुन्हा एकटी. समाजकार्य हाही ओव्हरटाईम होऊ शकतो. म्हणून अध्यक्षांना आम्ही नम्रपणे सांगतो की आम्हाला पद नको. विहाराच्या अभ्यासिकेत मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी दोन तास. एक दिवस गणित बाई घेतील, एक दिवस विज्ञान थर्मलवाले. वीज कशी तयार होते हे परळीच्या पोरांना नाही समजले तर कुणाला समजणार? पण तेवढेच. बाकीच्या संध्याकाळी माय वाट बघते.

शेवटी सर्वांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. दोन रकाने पाडा, एक त्याचा, एक तिचा. १६८ तास मांडा. भांडण होईल, होऊ द्या. आमच्याकडेही झाले. पण निवृत्तीच्या दिवशी शाल अंगावर घेऊन घरी आल्यावर उंबरठ्यातच "आता मी कुठे बसू" असा प्रश्न पडण्यापेक्षा हे भांडण आज झालेले बरे.

परवा माय म्हणाली, "आता तू पाव्हणा वाटंनास." यापेक्षा मोठा सत्कार आमच्या थर्मलवाल्यांना निवृत्तीच्या समारंभात मिळेल असे वाटत नाही.